वाचक विचारतात: डिटेक्टर हातात आला, आता खणू कुठं?

मागच्या अंकात जुन्या नाण्यांवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता ढीग लागला, आणि निम्म्याहून जास्त पत्रांत मेटल डिटेक्टरचाच विषय, म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. चार पत्रं घेतलीयत, बाकीच्यांनी रागावू नका.

आम्ही सहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये इप्सविचला राहतो. शेजारच्या आजोबांनी माझ्या मिस्टरांना मेटल डिटेक्टरचा नाद लावलाय, दर रविवारी गमबूट घालून दोघं कुणाच्या तरी नांगरलेल्या रानात. आतापर्यंत बटणं, शिशाची एक गोळी आणि व्हिक्टोरिया राणीची एक पेनी एवढंच मिळालंय. पण उद्या खरंच काही मोठं लागलं तर आपण बाहेरची माणसं, भानगडीत पडणार नाही ना? सासूबाई तर म्हणतात दुसऱ्याच्या जमिनीतलं घरात आणूच नये.

ताई, सासूबाईंचं म्हणणं तिथल्या कायद्यालाही बरंचसं धरून आहे बरं का. शेतमालकाची परवानगी नसेल तर मशीन घेऊन रानात पाय ठेवायचा नाही, आणि जे सापडेल ते साधारणपणे मालकाचं, त्यामुळे काय मिळालं तर कसं वाटून घ्यायचं हे आधीच कागदावर लिहून घेतलेलं बरं, मैत्री असली तरी. जी ठिकाणं सरकारनं संरक्षित म्हणून जाहीर केलीयत तिथं तर मालक हो म्हणाला तरी चालत नाही. आणि ३०० वर्षांपेक्षा जुनी सोन्याचांदीची वस्तू किंवा एकाच जागी पुरलेली जुनी नाणी लागली तर १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे १४ दिवसांच्या आत कॉरोनरला, म्हणजे अशा सापडलेल्या धनाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. तुम्ही इथले की तिथले याचा काही संबंध नाही, नियम सगळ्यांना एकच. म्युझियमला ती वस्तू हवी असली तर बाजारभावाप्रमाणे किंमत ठरते आणि ती शोधणारा आणि मालक यांच्यात वाटली जाते.

पण मला तुम्हाला कायद्यापेक्षा एक गोष्ट सांगायचीय, कारण ती तुमच्याच सफोकमधली, म्हणजे तुमचं इप्सविच ज्या कौंटीत (जिल्ह्यात) आहे तिथली आहे. हॉक्सन नावाचं गाव आहे तिथं, १९९२ च्या नोव्हेंबरात पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. त्यानं एरिक लॉज या आपल्या मित्राला बोलावलं, रिटायर झालेला माणूस, त्याच्याकडे डिटेक्टर होता. हातोडा शोधता शोधता चांदीचे चमचे लागले, मग सोन्याचे दागिने, मग नाणीच नाणी. आता विचार करा, रानात दोघंच, समोर सोनं, कुणाचाही हात थांबला नसता. लॉज थांबला. थोडंफार वर काढलं होतं तेवढंच, बाकीचं जमिनीत तसंच ठेवून त्यांनी पोलिसांना आणि कौंटीच्या लोकांना कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वाची माणसं येऊन पद्धतशीर खणायला लागली.

त्या एका थांबण्यानं काय मिळालं बघा. नाणी १४,८६५, सगळी रोमन, शिवाय दागिने आणि चांदीची भांडी मिळून २०० च्या आसपास वस्तू, ते तर कुणीही फावड्यानं वर काढलं असतं. पण हे सगळं लाकडी पेटीत नीट लावून ठेवलेलं होतं, आत छोट्या पेट्या, वाट्या एकात एक घातलेल्या, मध्ये गवत आणि कापड, आपण ट्रंकेत चांदीची भांडी जुन्या साडीत गुंडाळून ठेवतो ना अगदी तसं, आणि हे लाकडाचे आणि कापडाचे अंश फावड्याच्या पहिल्याच घावात मातीला मिळाले असते. म्हणजे घाईत फेकलेलं नाही, चोरानं लपवलेलं नाही, कुणीतरी परत यायचं म्हणून जपून पुरलेलं धन. सगळ्यात नवी नाणी सन ४०७-४०८ ची, म्हणजे पुरलं त्यानंतर, रोमन सत्ता ब्रिटनमधून उठत होती त्या काळात. एका सोन्याच्या बांगडीवर लॅटिनमध्ये कोरलंय, ज्युलियाना बाई, ही सुखानं घाल. कोण होती, कुठं गेली, बांगडी न्यायला परत का आली नाही, मला ते वाचून फार वाटलं होतं.

आणि त्यात चार मिरीदाण्या, म्हणजे जेवणावर मिरपूड भुरभुरायची भांडी, निघाल्या! चांदीच्या. त्यातली एक बाईच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची, खाली फिरवायची चकती, एका स्थितीत बंद, एकात मिरी भरायची, एकात भुरभुरायची. ती मिरी यायची आपल्या मलबार किनाऱ्यावरून, जहाजानं तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि तिथून रोमन साम्राज्यभर. सफोकच्या गारठ्यात कुणीतरी केरळची मिरी जेवणावर घेत होतं, सोळाशे वर्षांपूर्वी. ब्रिटिश म्युझियमला गेलात तर सासूबाईंना ती मिरीदाणी नक्की दाखवा. व्हॉटलिंगचा हातोडापण म्युझियमनं ठेवून घेतलाय. लॉजला साडेसतरा लाख पौंड मिळाले आणि त्यानं त्यातला वाटा शेतकऱ्याला दिला, तेव्हाच्या कायद्यानं ते बंधनकारक नसताना.

याच्या उलटही झालंय. २०१५ मध्ये इंग्लंडमध्येच लेमस्टरजवळ दोघांना नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडच्या काळातला नाण्यांचा साठा लागला, साधारण ३०० नाणी असावीत, त्यांनी कुणाला न सांगता विकायला काढली, २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला आणि तोवर परत मिळाली होती फक्त तीसेक नाणी. त्या तिसात काही अशी आहेत ज्यांवर आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा राजा दोघं बरोबरीनं बसलेत, म्हणजे पुढच्या काळात ज्या राजाला किरकोळ ठरवलं गेलं तो आल्फ्रेडचा बरोबरीचा साथीदार होता. जी नाणी सापडलीच नाहीत त्यांत काय होतं ते गेलंच.

तर मिस्टरांना सांगा, बटणं आणि ती शिशाची गोळीसुद्धा फेकू नका. १९९७ पासून तिथं पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे, तुमच्या कौंटीत तिचा फाइंड्स लिएझन ऑफिसर असतो, त्याला वस्तू आणि नेमकी जागा दाखवायची, तो नोंद करून वस्तू परत देतो. अशा दहा लाखांहून जास्त नोंदी झाल्यात आणि त्यातल्या बहुतेक याच रविवारच्या गमबूटवाल्यांच्या आहेत. आणि पेटीबिटी लागतेय असं वाटलं की खणणं थांबवायचं, फोन करायचा.

आमचं रान सातारा जिल्ह्यात. नांगरट झाली की ढेकळातून वर्षाआड एखादी शिवराई निघतेच. आता भाच्यानं ऑनलाइन डिटेक्टर मागवलाय आणि म्हणतो मामा गडावर जाऊ, तिथं जास्त मिळेल. गावातले एकजण तर म्हणाले मशीनबिशीन सोडा, पायाळू माणूस आणा, गुप्तधन लगेच दावतो. काय करावं?

दादा, पायाळूचं आधी. पायाकडून जन्मला म्हणून कुणाला जमिनीतलं दिसत नाही. हे मी एवढं स्पष्ट का लिहितोय, तर गुप्तधनाच्या नादात आपल्याकडे माणसांचे बळी गेलेत, लहान पोरांचेसुद्धा, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धन शोधायच्या नावाखाली केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला तो त्यामुळेच. जो माणूस असं सुचवतो त्याला घराच्या उंबऱ्याआत घेऊ नका.

गडावर मशीन नेऊ नका, अजिबात. आपले बरेच गड केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहेत, तिथं परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. २०२५ मध्ये रायगड, राजगड, प्रतापगड धरून मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, अकरा आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आणि गुन्ह्याचं सोडा, ज्या गडावर आपण अनवाणी चढतो तिथं रात्री फावडं घेऊन जायचं हे मनाला तरी पटतं का?

राहता राहिलं स्वतःचं रान. नांगरताना वर आलेलं नाणं तुम्हाला दिसणारच, त्यात काही वाईट नाही. पण आपल्याकडे १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आजही चालू आहे, जमिनीत दडलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, काय सापडलं, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख. माल सरकारी खजिन्यात जमा करायचा किंवा जामीन द्यायचा. न कळवणाऱ्याचा हिस्सा तर जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हक्क सांगायला कुणी आलं नाही आणि सरकारनंही घेतलं नाही तर माल तुमच्याकडे येतो, दुसऱ्याच्या जमिनीत सापडला असेल आणि आपसात काही ठरलं नसेल तर तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक मालकाला. सरकारला ठेवून घ्यायचं असेल तर ते देतं धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. सातवाहनांच्या नाण्याला चांदीचा भाव दिला तर माणूस कलेक्टरकडे कशाला जाईल, तो सोनाराकडेच जाणार आणि आपला इतिहास मुशीत आटणार. इंग्लंडसारखा बाजारभाव द्या आणि तालुक्याला एक माणूस बसवा नोंद करायला, लोक रांग लावून येतील.

कळवल्यानं काय होतं याचं आपलंच उदाहरण आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, १३ हजारांवर नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का पुन्हा मारलेला, खाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतोय आणि वर सातवाहनांची चिन्हं. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं कोरून ठेवलंच होतं की माझ्या मुलानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निःपात केला, पण आई मुलाबद्दल चांगलंच लिहिणार ना, त्या नाण्यांनी तिचं बोलणं खरं करून दाखवलं. हजारोंचा साठा एकत्र राहिला म्हणून हे कळलं. पन्नास जणांनी वाटून नेला असता तर प्रत्येकाच्या घरात नुसती घासलेली चांदी.

आणि जागेची नोंद का म्हणतो ते दायमाबादवरून कळेल. १९७४ मध्ये प्रवरेकाठी छबू लक्ष्मण भिल झुडपाचं मूळ खणत होते आणि त्यांना चार कांस्यशिल्पं लागली, बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून ६० किलोच्या वर वजन. एवढं अप्रतिम काम, पण उत्खननात थरासकट मिळालं नाही म्हणून ते हडप्पा काळाच्या शेवटचं की बरंच नंतरचं यावर अभ्यासकांत वाद झाला. मातीच्या थरानं जे सांगितलं असतं ते धातूला एकट्याला सांगता येत नाही.

भाच्याला एक तांत्रिक गोष्टपण सांगा. डिटेक्टरची कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत त्यानं प्रवाह फिरतात आणि त्यांचा प्रतिसाद मशीन ऐकतं. आपली जमीन बेसाल्टची, लोहखनिजानं भरलेली, त्यामुळे ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा प्रतिसाद वगळायची जुळवणी) नीट केला नाही तर मशीन दगडालाच ओरडत बसतं. साधं मशीन एक नाणं वीतभर खोलीपर्यंतच पकडतं, आणि ॲल्युमिनियमचा तुकडाही सोन्याच्या अंगठीसारखाच वाजतो. जाहिरातीत पंधरा फूट खाली सोनं दाखवतात त्याला भुलू नका.

माझ्या सासूबाईंच्या देवघरात एक काळीहिरवी शिवराई आहे. सणाला चिंच-मीठ लावून देवाच्या तांब्याबरोबर लख्ख करावी का?

नको हो, कृपा करून नको. तो काळपट हिरवा थर म्हणजे तांब्याचं कवच आहे, चिंचेनं तो जातो आणि त्याच्याबरोबर अक्षरंपण जातात. साध्या स्वच्छ पाण्यात मऊ ब्रशनं माती काढा, पूर्ण वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. फक्त फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं कोरड्या जागी बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, तो गंज वाढत जातो. एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसरीकडे छत्रपति वाचता येतंय का बघा. पण शिवराई महाराजांच्या नंतरही खूप काळ पाडली गेली, पेशवाईतसुद्धा, त्यामुळे ती थेट त्यांच्याच काळातली आहे असं लगेच कुणाला सांगू नका, जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथं जमलं तर फारच छान.

मी सातवीत आहे, नाशिकला राहतो. आमच्याकडे मुलं दोरीला लोहचुंबक बांधून गोदावरीतली नाणी काढतात. मीपण काढली. पण जुनं तांब्याचं नाणं चुंबकाला कधीच येत नाही, असं का?

फार छान प्रश्न विचारलास बाळा. एक-दोन रुपयांची आत्ताची नाणी स्टीलची असतात, त्यात लोखंड असतं म्हणून ती चिकटतात. तांबं, चांदी, सोनं यांना चुंबक ओढत नाही, म्हणून जुनी नाणी खालीच राहतात. डिटेक्टरला मात्र तीही ऐकू येतात, कारण त्याला धातू चिकटायची गरज नाही, त्यात वीज वाहिली की पुरे. सराफ कट्ट्यावर कधी गेलास तर झारेकऱ्यांबद्दल विचार, सोनारांच्या दुकानासमोरची आणि गटारातली माती धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारी माणसं, ना मशीन ना चुंबक, पाणी आणि हाताची सवय एवढ्यावर ते काम करतात.

पाण्यात मात्र कमरेच्या वर जाऊ नकोस, आणि पूर असताना तर घाटावरही नको. एक वही कर. नाणं कुठल्या घाटावर, कुठल्या तारखेला मिळालं ते लिही, नाण्यावरचं वर्ष लिही, आणि पावसाळ्यानंतर ती वही मला पाठव, मी वाट बघतोय.