वाचकांचे प्रश्न: फ्यूएल पंपाचं मॉड्यूल बदलण्याआधी

प्रश्न : गाडी तासभर चालली की अचानक बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण स्टार्ट होत नाही. अर्ध्या तासाने गाडी गार झाली की काहीच झालं नाही अशी चालू होते. स्कॅनरवर यू ०१०९ हा कोड आला. गॅरेजमध्ये फ्यूएल पंप कंट्रोल मॉड्यूल बदलायला सांगतात. बदलू का?

लक्षणं मॉड्यूलच्या (पंपाचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याच्या) दुखण्याशी जुळतात, पण तेवढ्यावर पार्ट मागवू नका. यू ०१०९ चा अर्थ एवढाच, की गाडीतल्या इतर कंट्रोलरना (छोट्या कॉम्प्युटरना) पंपाच्या मॉड्यूलकडून उत्तर येत नाही. मॉड्यूल मेलं असेल, किंवा ते जिवंत असून त्याचा सप्लाय, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी वायर) नाहीतर कम्युनिकेशनची वायर तुटक झाली असेल. स्कॅनरला दोन्ही सारखेच दिसतात.

जुन्या गाड्यांत रिले (विजेने चालणारा स्विच) पंपाला सरळ १२ व्होल्ट द्यायचा आणि पंप कायम पूर्ण वेगात फिरायचा. मॉड्यूल असलेल्या गाडीत ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) किती पेट्रोल हवं ते सांगतो आणि मॉड्यूल पंपाचा करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून वेग कमीजास्त करतं. त्यामुळे तपासायच्या गोष्टी चारच : मॉड्यूलला बॅटरीचा सप्लाय येतो का, अर्थ धड आहे का, ईसीएमची कमांड पोहोचते का आणि मॉड्यूलमधून पंपाकडे करंट निघतो का. पहिल्या तीन ठीक असून चौथी नसेल तरच मॉड्यूल दोषी.

आधी फ्यूज आणि रिले बघा. मग सप्लाय तपासा, पण नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. वायरचा एकच तंतू उरलेला असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब मॉड्यूलच्या कनेक्टरवर सप्लाय आणि अर्थ यांच्यामध्ये जोडा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. बल्ब लख्ख पेटला तर दोन्ही वायर धडधाकट. मंद पेटला तर दोष वायरिंगमध्ये आहे, नवं मॉड्यूल टाकून काही होणार नाही.

अर्थ आणखी बारकाईने बघायचा तर पंप चालू असताना मॉड्यूलची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामधलं व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टच्या आत हवं, ०.२ च्या वर गेलं की अर्थचा बोल्ट खोलून घासा. गंजलेल्या सांध्यात अर्धा ओहम विरोध असेल तर मीटरच्या ओहम रेंजवर तो धड कळतही नाही. पण ६ अँपिअर करंटला तिथे ३ व्होल्ट खाल्ले जातात आणि त्या एका बोल्टखाली १८ वॅट उष्णता तयार होते. पंप मात्र ९ व्होल्टवर रडत असतो.

पंपाच्या वायरवर ७-८ व्होल्ट दिसले म्हणून घाबरू नका. करंट तुकड्यातुकड्यांत जातो आणि मीटर त्याची सरासरी दाखवतो. खरं चित्र ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा क्षणोक्षणीचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) दिसतं. ईसीएम मॉड्यूलला पाठवतो त्या कमांडची टक्केवारी स्कॅनरवर वाचतानाही त्या गाडीचं मॅन्युअल जवळ ठेवा. काही गाड्यांत ५० टक्के कमांड म्हणजेच पंप पूर्ण वेगात असतो, ही निम्मी टक्केवारी दोष नसते.

तुमचा दोष गरम झाल्यावरच येतो, म्हणून हे सगळं गार गाडीवर करून उपयोग नाही. कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक प्रोब घाला, वायर केबिनपर्यंत आणा आणि गाडी बंद पडली की त्याच क्षणी, बॉनेटही न उघडता, मोजा. तेव्हा सप्लाय, अर्थ आणि कमांड तिन्ही असतील आणि पंपाकडे शून्य असेल, तर निःशंकपणे मॉड्यूल बदला.

प्रश्न : मॉड्यूल खराब असल्याची खात्री झाली आहे. घरी बदलता येईल का?

हातात पाना धरायची सवय असेल तर खोलायचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. मॉड्यूल बहुधा मागे असतं : मागच्या सीटखाली, डिकीच्या बाजूच्या पत्र्यामागे किंवा खाली स्टेपनीच्या वर चेसिसला. मॉड्यूल टाकीबाहेर असेल तर पेट्रोलची एकही नळी सोडवावी लागत नाही. तरीही टाकी जवळ आहे, तेव्हा हवा खेळती ठेवा, ठिणगी आणि तापलेला दिवा दूर ठेवा. गाडीखाली शिरायचं असेल तर ती स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर कधीच नाही.

इग्निशन बंद करा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. कनेक्टरचं लॉक आधी मागे सरकवा, मग दाबून ओढा. वायर धरून ओढू नका, आतली पिन मागे सरकते आणि नवीनच दोष तयार होतो. कनेक्टर निघाल्यावर उजेडात आत बघा. हिरवट पूड असेल तर पाणी शिरलं आहे, एखादी पिन तपकिरी-काळी आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक वितळलेलं असेल तर तिथे सैल संपर्काने उष्णता झाली आहे. हिरवट पूड कॉन्टॅक्ट क्लीनरने जाईल. जळलेली पिन घासून चालत नाही, ती पिन किंवा वायरसकट अख्खा कनेक्टर बदला. जळलेल्या कनेक्टरवर नवं मॉड्यूल बसवणं म्हणजे ते मुद्दाम जाळणं आहे.

नव्या मॉड्यूलचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. बोल्ट लहान असतात, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच कसा, जोर लावला की मॉड्यूलचा कान तुटतो. डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस रबर सीलवर पातळ लावा, पिनांच्या घरात थापू नका.

घरचं काम बहुधा इथे संपतं. बऱ्याच गाड्यांत नवं मॉड्यूल कोरं येतं आणि त्यात गाडीच्या चेसिस नंबरप्रमाणे प्रोग्रॅम भरावा लागतो. तो न भरता गाडी स्टार्ट होत नाही किंवा इंजिनाचा दिवा पेटून राहतो. म्हणून पार्ट मागवण्याआधीच प्रोग्रॅमिंग कोण करून देणार ते ठरवून ठेवा. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला पॉवर सप्लाय लावलेला हवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवं मॉड्यूल निकामी होऊ शकतं.

शेवटी कोड पुसा, इग्निशन दोन-तीनदा चालू-बंद करा म्हणजे लाइनमध्ये प्रेशर भरेल, आणि मग सेल्फ मारा. पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत (पेट्रोल सिलिंडरच्या आत नाही, तर त्याच्या तोंडाशी हवेच्या वाटेत फवारलं जातं अशा) साधारण ३ ते ४ बार मिळायला हवेत. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

प्रश्न : नवीन मॉड्यूल दोन महिन्यांत गेलं. पार्ट डुप्लिकेट असेल का?

असू शकेल, पण आधी पंपाचा करंट मोजा. टाकीतला ब्रशचा पंप (मोटरला कार्बनच्या ब्रशमधून करंट मिळतो असा) चांगला असेल तर साधारण ४ ते ८ अँपिअर घेतो. फिल्टर तुंबला किंवा पंपाचे बुश (फिरत्या दांड्याचे आधार) घासले की तो जास्त ओढू लागतो, आणि त्या जादा करंटची उष्णता मॉड्यूलच्या ट्रान्झिस्टरवर येते. १०-१२ अँपिअर दिसत असतील तर पंप न बदलता तिसरं मॉड्यूल आणू नका.

करंट ठीक असेल तर मॉड्यूलची जागा बघा. फोर्ड एफ-१५० पिकअपचं २००४ ते २००८ या मॉडेलांमधलं उदाहरण प्रसिद्ध आहे. मॉड्यूलची अ‍ॅल्युमिनियमची पाठ स्टेपनीवरच्या पोलादी आडव्या पट्टीला थेट टेकलेली होती. ओल आणि रस्त्यावरचं मीठ मध्ये साचून दोन धातूंच्या संपर्कात अ‍ॅल्युमिनियम कुजायचं, पाठीला भोक पडायचं आणि पाणी सर्किटवर जायचं. बदली मॉड्यूलसोबत मग अंतर ठेवणारे स्पेसर येऊ लागले. तुमच्या पार्टसोबत असे वॉशर किंवा स्पेसर आले असतील तर ते ‘उरलेलं सामान’ म्हणून बाजूला टाकू नका.

प्रश्न : जुन्या गाडीचं काढलेलं मॉड्यूल चालेल?

पार्ट नंबर तंतोतंत तोच असेल आणि तुमच्या गाडीत ते पुन्हा प्रोग्रॅम करता येत असेल तरच. काही मॉड्यूल पहिल्या गाडीच्या चेसिस नंबरला कायमची बांधली जातात. शिवाय ते किती उष्णता खाऊन आलंय, ते वरून कळत नाही.

प्रश्न : मॉड्यूल बायपास करून पंपाला थेट १२ व्होल्ट दिले तर?

पंप चालतो का हे बघायला, १५ अँपिअरचा फ्यूज लावलेल्या वायरने, काही सेकंद चालेल, तेही पंप दोन वायरींचा असेल तर. तीन जाड वायरी जात असतील तर तो ब्रशलेस (ब्रश नसलेला) असण्याची दाट शक्यता आहे. त्याला सरळ बॅटरी दिली तर तो फिरत नाही आणि बिघडू शकतो. कायमचं बायपास मात्र करूच नका. इंजिन बंद पडल्यावर किंवा गाडी धडकल्यावर पंप थांबवणारी साखळी त्याने तुटते, आणि फुटलेल्या नळीतून पेट्रोल वाहतच राहतं.