सूर्यावरील डाग वाढले की फ्लूची महासाथ येते, हे खरे आहे का?

1918, 1957 आणि 1968 या तिन्ही वर्षांच्या महासाथी सौरडागांच्या कमाल काळात आल्या, फ्रेड हॉइल यांच्यासारख्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने हा संबंध मांडला होता, आणि 2024 मध्ये सूर्य पुन्हा कमाल अवस्थेला पोहोचला. मग आता नव्या साथीची तयारी ठेवावी का, असे आपण विचारले आहे. मी सांख्यिकी शिकवतो, वैद्यक नव्हे, त्यामुळे आधी मोजणीकडे पाहतो.

आपण दिलेली तिन्ही वर्षे अचूक आहेत. सूर्यावरील डाग ठरावीक काळाने वाढतात आणि घटतात, यालाच सौरचक्र म्हणतात; त्या चक्रांची कमाल अनुक्रमे ऑगस्ट 1917, मार्च 1958 आणि नोव्हेंबर 1968 मध्ये झाली. सौरचक्र साधारण अकरा वर्षांचे असते; दर वर्षाची एक अशा अकरा चौकटी आखून कमालीचे वर्ष आणि त्याच्या अलीकडचे व पलीकडचे एकेक वर्ष रंगवले, तर तीन चौकटी भरतात. आंधळेपणाने टाकलेल्या तीन सोंगट्या, म्हणजे तीन साथी, या तीन चौकटींतच पडण्याची शक्यता सुमारे 2 टक्के आहे. कोणीही चकित व्हावे असाच हा आकडा आहे. पण सोंगट्या तीनच का? 1889, 1977, 2009 आणि 2019 मध्ये सुरू झालेल्या साथी (शेवटची कोविडची) धरल्या, तर त्या सात होतात, आणि सातांपैकी निदान तीन रंगवलेल्या चौकटींत पडण्याची शक्यता 29 टक्क्यांवर जाते. एवढ्यावर कोणी पैजही लावणार नाही.

उरलेल्या चार साथींचे काय? त्या सौर किमानाच्या आसपास आल्या. 2008 या वर्षात 266 दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता, आणि 2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा व चित्रपटगृहे बंद होती, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. त्यामुळे या मताचे समर्थक पुढे म्हणू लागले की कमाल आणि किमान या दोन्ही टोकांना साथी येतात. मी तेही मोजून पाहिले. दोन्ही टोकांच्या मिळून सहा चौकटी रंगवल्या, तर सातही साथी त्यांत पडण्याची शक्यता 1.4 टक्के निघते. आकडा लहान आहे, हे मी नाकारत नाही. मात्र ज्या साथी पाहून नियम रचला, त्याच साथी त्या नियमाचा पुरावा म्हणून चालत नाहीत. नियम रचताना न वापरलेल्या वर्षांवर तो लावून पाहावा लागतो. 1781 ची इन्फ्लुएन्झाची महासाथ घ्या. तिच्या आधीची कमाल 1778 मध्ये आणि नंतरचे किमान 1784 मध्ये होते, म्हणजे ती दोन्ही टोकांपासून तीन वर्षे दूर, नेमकी अधेमधे पडते. संशोधक शेरी टॉवर्स यांनी 2017 मध्ये साथींच्या निरनिराळ्या याद्या घेऊन हीच तपासणी पद्धतशीरपणे केली, तेव्हाही भरवशाचा संबंध आढळला नाही. (हॉइल हे आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू, त्यामुळे त्यांच्याविषयी मलाही आदर आहे, परंतु विषाणू अवकाशातून येतात हे त्यांचे गृहीतक मान्य केल्याशिवाय त्यांच्या सौरडागांच्या मांडणीला आधार उरत नाही.)

कारणाच्या बाजूने तर हा दावा आणखी लंगडा पडतो. 1957 च्या विषाणूत तीन आणि 1968 च्या विषाणूत दोन जनुके पक्ष्यांच्या फ्लूमधून आली होती. एकाच पेशीत दोन जातींचे विषाणू शिरले की त्यांच्या जनुकखंडांची अदलाबदल होते आणि त्यासाठी सूर्याची गरज नसते. 1977 चा विषाणू 1950 च्या सुमारास फिरणाऱ्या विषाणूंशी इतका जुळत होता, की तो प्रयोगशाळेतून किंवा लसीच्या चाचणीतून निसटला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पंचवीसेक वर्षे शीतकपाटात राहिलेल्या नमुन्यावर सौरडागांचा कोणता परिणाम झाला असेल, हे मला तरी सुचत नाही. 1918 मध्ये आपल्याकडे जे घडले, त्यात मुंबई बंदरात उतरलेले सैनिक, त्यांना गावोगाव पोहोचवणारी रेल्वे आणि त्याच वर्षी दगा दिलेला पाऊस, हे दुवे नोंदींत सापडतात.

सूर्याचा साथींशी काहीच संबंध नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अतिनील किरणांनी विषाणू निष्क्रिय होतात, आणि समशीतोष्ण प्रदेशांत फ्लू हिवाळ्यातच वाढतो. पण हा ऋतूंचा, म्हणजे पृथ्वीच्या कललेल्या आसाचा परिणाम आहे. सौरचक्राच्या कमाल आणि किमान अवस्थांत सूर्याच्या एकूण तेजात जेमतेम 0.1 टक्क्याचा फरक पडतो.

तेव्हा आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे, की 2024 ची कमाल हे तयारीचे कारण नाही. नवी साथ येऊ शकते, परंतु तिची चाहूल दुर्बिणीतून लागणार नाही. त्यासाठी कोंबड्यांच्या, डुकरांच्या आणि अलीकडे अमेरिकेतील दुभत्या गाईंच्या नमुन्यांत एच5एन1 हा पक्ष्यांच्या फ्लूचा विषाणू कसा बदलतो आहे, हे पाहावे लागेल.