खर्जाच्या बाजूने

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेले कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण, दोन्ही मिळाली. गणपतीपासून कोजागिरीपर्यंत एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवण्याची विचारणा तुला झाली आहे, त्यांनी चाळीस गाण्यांची यादी दिली आहे, त्यातली बहुतेक गाणी तुझ्या जन्माआधीची आहेत, आणि तुझ्या बँडमधली मुले म्हणतात की असले काही वाजवलेस तर हात बिघडेल. जावे की जाऊ नये, असे तू विचारले आहेस. जा. एवढे उत्तर फोनवरही देता आले असते. पण माझ्यावर कोणाचे संस्कार झाले आणि तुमच्या पिढीच्या आवडीबद्दल मला काय वाटते, हेही तू विचारले आहेस. माझ्या मते हा सगळा एकच प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मी 1975 साली, अठराव्या वर्षी, कलकत्ता बनावटीची एक जड बेस गिटार घेऊन ऑर्केस्ट्रात शिरलो. दिवसा नोकरी आणि रात्री कार्यक्रम हा क्रम पुढे अनेक वर्षे चालला. दादरचे शिवाजी मंदिर, पुण्याचे बालगंधर्व, ठाण्याचे गडकरी रंगायतन ही आमची मानाची ठिकाणे होती. पण हात तयार झाला तो गल्लीतल्या मांडवांत आणि गावोगावच्या मैदानांवर. तेथे रात्री दहाला कार्यक्रम सुरू होई आणि पहाटे दोन-तीनपर्यंत चाले. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून रात्री 10 वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, आणि वर्षातल्या मोजक्या सणांच्या दिवशी 12पर्यंत सवलत मिळते. आजारी माणसांना आणि परीक्षेला बसलेल्या मुलांना त्यामुळे स्वस्थता मिळाली, हे योग्यच झाले. मात्र एका रात्रीत पन्नास-साठ गाणी सलग वाजवण्याची जी सवय आमच्या हाताला लागली, ती लागण्याची संधी तुम्हाला क्वचित मिळते. म्हणून चाळीस गाण्यांची यादी आपण होऊन दारात आली असताना ती परत पाठवू नये, असे मला वाटते.

पहिल्याच तालमीत तुझी गाठ पडेल ती पट्टीशी, म्हणजे गाणारा ज्या सुराला सा मानतो त्याच्याशी. तुमच्या बँडची गाणी तुम्हीच रचता, त्यामुळे ती बहुधा गिटारच्या सोयीच्या, मोकळ्या तारा वाजतील अशा पट्टीत असतात. आपल्या बेसच्या चार मोकळ्या तारा म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. ऑर्केस्ट्रातली गायिका मात्र येऊन 'काळी पाच', म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी, सांगेल, आणि तिच्या मागून येणारा गायक 'काळी एक' सांगेल. काळ्या पट्ट्यांपैकी कोणतीही घेतलीस, तरी तिचा षड्जही (सा) मोकळ्या तारेवर मिळत नाही आणि पंचमही (प) मिळत नाही. दोन्ही सूर बोटाने दाबूनच काढावे लागतात. सुरुवातीला हा जाच वाटतो. पण मोकळी तार आपली आपण वाजत राहते आणि दाबलेला सूर बोट सैल होताच थांबतो, त्यामुळे सूर किती टिकवायचा आणि नेमका कोठे तोडायचा, हे महिन्याभरात आपसूक बोटांच्या ताब्यात येते. तुझ्या ध्वनिमुद्रणात मला नेमके हेच खटकले. दुसऱ्या गाण्यात तुझा प्रत्येक सूर ड्रमच्या ठोक्यावर अचूक सुरू होतो, परंतु त्याचा शेवट तू पाहत नाहीस. तो पुढच्या मात्रेवर सांडतो आणि सगळे गाणे जड होते. हा दोष सरावाच्या खोलीत एकटीने काढता येत नाही, कारण तेथे तो ऐकूच येत नाही. ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन की-बोर्ड आणि गाणारा माणूस अशा दाटीत उभे राहिलीस, की तो पहिल्याच रात्री ऐकू येईल.

यादीतली गाणी लिहून घेताना कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची, नावे लिहू नकोस. सा, म, प, कोमल नी अशा नात्यांनी लिही. गायकाचा घसा बसला आणि रंगमंचावर उभा असतानाच त्याने अर्धा सूर उतरवायला सांगितले, तर कॉर्डच्या नावांचा कागद निरुपयोगी ठरतो. नात्यांचा कागद कोणत्याही पट्टीत चालतो.

आता त्या जुन्या गाण्यांविषयी. पन्नास-साठच्या दशकांतल्या हिंदी चित्रपटगीतांत बेस गिटार सहसा नसे, उभा डबल बेस असे, आणि तो वाजवणाऱ्यांत गोव्याहून आलेले, चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले वादक मोठ्या संख्येने होते. त्यांतले कित्येक आधी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून आलेले होते; हातात पुष्कळ काही असूनही गाण्यात ते दोनतीन सुरांवर थांबत, आणि गायकाचा शब्द संपेपर्यंत हलत नसत. सत्तरच्या दशकात बेस गिटार पुढे आली. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांतली टोनी वाझ यांची बेस ऐक. गाण्याखाली दुसरे एक गाणे चालू आहे, असे वाटते. हे नाव मला रेकॉर्डच्या वेष्टनावरून कळले नाही, कारण साथीच्या वादकांची नावे तेथे छापत नसत. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या एका वयस्क गोवेकर ट्रम्पेटवादकाने ते सांगितले, आणि तेही मी पाचसहा वर्षे त्या चालींची नक्कल करून झाल्यावर. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीतल्या जेम्स जेमरसन या बेसवादकाचे असेच झाले. साठच्या दशकात त्या कंपनीच्या अनेक गाजलेल्या गाण्यांत त्याची बेस होती, ती तो उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने छेडत असे, आणि तरीही त्याचे नाव वेष्टनावर येण्यासाठी 1971 साल उजाडावे लागले. मी त्याला रेडिओवर ऐकत होतो, त्याच्यासारखा सूर निघावा म्हणून धडपडत होतो, आणि तो कोण आहे हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हते.

हे लिहिण्याचे कारण असे, की तू तुझ्यावरच्या प्रभावांची जी यादी पाठवलीस तीत सगळी प्रसिद्ध नावे आहेत. ती चांगलीच आहेत. पण त्याच पत्रात पुढच्या पानावर तू सहज लिहितेस की शाळेत असताना तीन वर्षे तू ढोल-ताशा पथकात होतीस, आणि ते मात्र यादीत नाही. ताशाने चाल बदलताच चाळीस ढोलांनी एकदम वळायचे, कोणीही पुढे पळायचे नाही, आणि आपला ढोल वेगळा ऐकू आला म्हणजे आपले चुकले असे समजायचे: बेसवादकाला जे लागते ते तुला टिपरू हातात असतानाच शिकवले गेले आहे. माझ्या बाबतीत ते काम गिरगावातल्या आमच्या चाळीच्या भजनी मंडळाने केले. आजोबा पखवाज वाजवत. डाव्या पुडीवर कणकेचा गोळा थापून, पाण्याचा हात लावून, सूर हवा तेवढा उतरेपर्यंत ते ती पुन्हा पुन्हा वाजवून पाहत, आणि मी शेजारी बसून कणीक भिजवत असे. कणीक जरा जास्त झाली की आवाज मुका होई, कमी पडली की कोरडा. खर्ज, म्हणजे खालचा जाड सूर, असा हाताने घडवावा लागतो, हे मी त्या वयात शिकलो. पुढे 1976 साली आलेल्या जाको पास्टोरियस या अमेरिकन बेसवादकाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर पडदे नसलेली बेस ऐकली तेव्हा सगळे तरुण वादक थक्क झाले होते, मीही झालो होतो. पण ती खालून वर सरकणारी मींड मला अनोळखी वाटली नाही, कारण तबल्याच्या डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली घसीट मी जन्मापासून ऐकत होतो. जे मनापासून आवडते त्याच्या खाली बहुतेक वेळा असे काहीतरी घरचे असते. तुझे काय आहे ते शोध, आणि ते बेसवर आणून पाहा.

पिढ्यांच्या आवडीबद्दल मी तुला उपदेश करण्यापेक्षा माझी चूक सांगणे अधिक उपयोगाचे आहे. जपानच्या रोलँड कंपनीने 1981 साली टीबी-303 नावाचे छोटे यंत्र काढले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी, बेसवादक बोलवावा लागू नये, हा त्याचा हेतू होता. त्या आणि तसल्या यंत्रांच्या बातम्या कानावर येऊ लागल्या, काही वर्षांत आमच्या ऑर्केस्ट्रांतही की-बोर्डवाले डाव्या हाताने बेस वाजवू लागले, तेव्हा मी जाहीर केले की असल्या कार्यक्रमांना मी येणार नाही, आणि जवळजवळ दोन वर्षे घरी बसलो. त्या संगीताला आत्मा नाही, असे मी चारचौघांत मोठ्याने म्हणत असे. त्याच्याही आधी, 1982 साली, मुंबईच्याच चरणजीत सिंग यांनी, जे स्वतः चित्रपटसंगीतात बेस गिटार वाजवत होते, तेच यंत्र घेतले आणि त्याच्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून एक ध्वनिमुद्रिका काढली. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, मीही दिले नाही. यंत्रही खपले नाही. 1984 साली कंपनीने ते बनवणे थांबवले. पुढे शिकागोतल्या तरुणांनी जुन्या बाजारात स्वस्त मिळालेल्या त्याच यंत्रावर नाचाचे एक संपूर्ण नवे संगीत उभे केले, आणि 2010 साली चरणजीत सिंग यांची ती ध्वनिमुद्रिका परदेशात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चकित झाले, की हे मुंबईत इतके आधी होऊन गेले होते. उतारवयात त्यांना युरोपातल्या रंगमंचांवर मानाने बोलावले गेले. 2015 साली ते वारले. यंत्रांनी पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणातून शेकडो वादकांचे काम घेतले, त्यात माझे स्नेही होते, आणि ते दुःख मी आजही हलके मानत नाही. परंतु पोटावर पाय आला म्हणून मी त्या संगीताचा जो निवाडा केला, तो कान बंद ठेवून केलेला होता.

म्हणून माझ्या वयाचे लोक जेव्हा म्हणतात की हल्लीच्या गाण्यांत नुसती धडधड आहे, तेव्हा मला पटत नाही. आमच्या लहानपणीच्या रेडिओतून खर्ज जवळजवळ येतच नसे. आम्ही तो अंदाजाने ऐकला. तुमची पिढी तो छातीवर झेलत वाढली आहे, आणि त्याचा सूर जरा ढळला तर तुम्हाला चटकन कळते. उलट तुमच्या बँडमधली मुले जुन्या गाण्यांना कंटाळवाणी म्हणतात, तेव्हा त्यांनी ती बहुधा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलेली असतात. आपल्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर सुमारे 41 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 41 कंपनांचा, आहे. मोबाइलचा स्पीकर तो काढूच शकत नाही. 82, 123 अशा वरच्या पटींवरून कान तो मनाने भरून काढतो, पण त्यातला दाब हरवतो. ती चाळीस गाणी आधी चांगल्या हेडफोनवर, केवळ बेसकडे लक्ष देऊन, दोनदा ऐक आणि मग त्या मुलांनाही ऐकव.

याच 41 हर्ट्झच्या सुराची एक लहर हवेत आठ मीटरांहून लांब असते, त्यामुळे रंगमंचावर तुझ्या कानाशी जे ऐकू येते आणि दहाव्या रांगेत जे ऐकू येते, त्यांत फार फरक पडतो. लांब केबल घे आणि साउंड तपासताना वाजवत वाजवत खाली प्रेक्षागृहात उतर. कोपऱ्यात उभी राहून ऐकू नकोस, तेथे खर्ज साचतो. मग साउंडवाल्याला नम्रपणे सांग. त्याचे नाव विचारून सांगितलेस तर तो दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारील.

मानधनाचे आधी ठरवून घे, इसार घे, आणि आकडा मेसेजमध्ये लिहून घे. एका नवरात्रात नऊ रात्री वाजवून मला एक रुपयाही मिळाला नव्हता, कारण सगळे तोंडी होते. नोकरी सोडण्याचा विचार तू पत्राच्या शेवटी केला आहेस, तो निदान या हंगामात करू नकोस. महिन्याचे भाडे डोक्यावर असले की माणूस नको त्या सुपाऱ्या घेतो आणि हव्या त्या तालमी चुकवतो. आणि कानात बोळे घाल. 85 डेसिबलला आठ तास हा सुरक्षित समजला जाणारा काळ आहे, त्यापुढे दर 3 डेसिबलला तो निम्मा होतो, आणि मांडवातला आवाज 100च्या आसपास सहज जातो. तेथे ती मुदत पाव तासाची उरते. मला डाव्या कानाने झांजेचा वरचा नाद आता ऐकू येत नाही.

नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी सकाळी घरी ये. यादीतली पहिली दहा गाणी आपण काळी एकपासून काळी पाचपर्यंत सगळ्या पट्ट्यांत वाजवून पाहू, आणि दुपारी मी पेटी घेऊन बसतो, तू मला तुमच्या बँडची ती दोन गाणी बसवून दे. तुझी गिटार घेऊन ये. माझ्या तारा फार जुन्या आहेत आणि त्यांची सवय तुला आत्ता नको.

तुझा,
काका