पॅडॉक स्टँड (गाडीचं चाक उचलून धरायचा वेगळा स्टँड) नाही, स्प्लेंडरचं पुढचं चाक घरीच काढायला गाडी कशी उचलायची?

पॅडॉक स्टँड लागतच नाही, गाडी डबल स्टँडवर लावा आणि इंजिनखाली पुढच्या बाजूला कारचा जॅक घालून चाक दोन बोटं उचला, पण जॅक आणि इंजिनच्या मधे जाड लाकडी फळी पाहिजेच. मी सांगलीत गॅरेजला काम करतो म्हणून सांगतो, इंजिनचं खालचं कव्हर ॲल्युमिनियमचं असतं, जॅकचं टोक थेट टेकलं तर तडा जाऊ शकतो, आणि फळी ऑइलच्या ड्रेन नटावर टेकवू नका. एक्सलचा (चाकाच्या मधल्या आडव्या दांड्याचा) नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करून घ्या, उचलल्यावर पान्याला जोर लावला की गाडी जॅकवरनं घसरते, हे खरंच लक्षात ठेवा. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकची केबल आधी सोडवा, डिस्क असेल तर चाक निघाल्यावर ब्रेक लिव्हर अजिबात दाबू नका, ब्रेकचे पिस्टन बाहेर येतात मग चाक परत बसत नाही. जागा फरशीची नाहीतर कोब्याची बघा, आपल्याकडच्या काळ्या मातीत ओल असली की जॅक हळूहळू रुततो आणि गाडी कलते. फक्त साइड स्टँड असलेल्या गाडीला मात्र हे करू नका, ती गॅरेजलाच न्या.