चेहरा नको, काम द्या

लहान मुलांना राष्ट्रीय नेत्यांची ओळख हातांनी काही करता करता कशी करून द्यावी, याबद्दल आलेल्या पत्रांतली सहा या वेळी घेतली आहेत.

आमच्या बालवाडीत ३ ते ५ वर्षांची २२ मुलं आहेत. दर २ ऑक्टोबरला गांधीजींच्या छापील चित्रावर कापूस चिकटवून घेतो. मुलं दहा मिनिटांत कंटाळतात, उरलेलं मदतनीस ताई पूर्ण करतात. दुसरं काय करता येईल?
— बालवाडी शिक्षिका, सांगली

कापूस राहू द्या, चित्र बाजूला ठेवा. चित्रावर कापूस चिकटवताना मूल फक्त डिंक लावायला शिकतं. कापसाचं आणि त्या चष्मेवाल्या आजोबांचं नातं काय, हे त्याला कळायला काही मार्गच नाही. गांधीजी रोज सूत कातत, स्वतःच्या देशात तयार झालेलं कापड वापरा म्हणत. तेव्हा मुलाच्या हातून सूतच होऊ द्या, वीतभर झालं तरी पुरे.

हे चार दिवस चालवा, रोज पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी प्रत्येकाला सरकीसकट कापूस द्या. गावात पिकत नसेल तर वातींसाठी विकला जाणारा, न पिंजलेला कापूस शोधा. औषधाच्या दुकानातला पांढराशुभ्र कापूस मात्र आणू नका. त्याचे तंतू आखूड आणि गुळगुळीत असतात, एकमेकांना धरत नाहीत, पीळ देताच तुटतात. बहुतेक ठिकाणी हा उपक्रम फसतो तो इथेच.

मुलांनी बोटांनी सरकी काढायची आणि वाटीत टाकायची. तीन वर्षांच्या मुलांना इतकंच काम द्या, त्यात ती रंगून जातात. सरकी नाकात किंवा कानात घालण्याचं हेच वय असतं, म्हणून एका वाटीत दहाच सरक्या ठेवा आणि शेवटी मोजून परत घ्या. पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच.

दुसऱ्या दिवशी कापूस बोटांनी मोकळा करायचा. दोन्ही चिमटींत धरून हलकेच ओढायचा, धुक्यासारखा विरळ होईपर्यंत. गाठ राहिली तर पुढे नेमका तिथेच धागा तुटतो. तिसऱ्या दिवशी तो पेन्सिलीभोवती सैल गुंडाळून पेन्सिल काढून घ्यायची, की पेळू तयार.

चौथ्या दिवशी सूत. मुलांनी घरी आजीला मांडीवर वात वळताना पाहिलं असेल, तर तीच हालचाल करायची. एका हाताने पेळूचं टोक मांडीवर दाबून पुढे लोटायचं, दुसऱ्या हाताने पेळू थोडासा मागे ओढायचा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी पीळ, मग ओढ. मुलं घाईने आधी ओढतात आणि तंतू सुटे होतात. तुटलं तर दोन्ही टोकं पिंजून एकमेकांवर ठेवा आणि पुन्हा वळा, सांधा बसतो.

टकळी, म्हणजे सूत कातायची हातातली चाती, सात-आठ वर्षांच्या आत देऊ नका. एक हात फिरवतो तेव्हा दुसऱ्याने नेमकं तंतू सोडायचे असतात, आणि दोन हातांनी दोन वेगळी कामं एकाच वेळी करणं चार वर्षांच्या मुलाला जमत नाही. चरखा पाहायला मिळाला तर जरूर दाखवा. पेटीत मिटणाऱ्या चरख्याला येरवडा चरखा म्हणतात, कारण गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना तो घडत गेला.

शेवटी प्रत्येकाचं सूत त्याच्या मनगटाला सैल बांधा. गांधीजी कोण, हे त्या वेळी दोन वाक्यांत सांगा. तेवढं पुरतं.

माझा मुलगा पहिलीत आहे. दांडीयात्रेबद्दल त्याला काही करून दाखवायचं आहे. पाण्यात मीठ विरघळवून ताटात उन्हात ठेवलं, पण आठवडाभर ते ओलंच राहिलं. काय चुकलं?
— एक पालक, वेंगुर्ले

बहुधा पाणी जास्त झालं. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होतं, म्हणून थर पातळ हवा. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड ते पावणेदोन मोठे चमचे, पूर्ण विरघळवा. इतक्या पाण्यात जास्तीत जास्त ३६ ग्रॅमच्या आसपास मीठ मावतं. त्याहून जास्त घातलं तर तळाशी न विरघळलेलं मीठ राहतं आणि मुलाला वाटतं, हेच तयार झालेलं मीठ. सगळी गंमत तिथेच संपते. म्हणून द्रावण आधी फडक्यातून गाळून घ्या आणि ‘आता यात मीठ दिसतंय का?’ असं विचारा. त्याने ‘नाही’ म्हटलं, की पुढे जा.

हे पाणी २५ सेंटिमीटर रुंद, सपाट तळाच्या ताटात ओतलं की थर साधारण २ मिलिमीटरचा होतो. ताट काचेचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या. ॲल्युमिनियम आणि हलकं स्टील मिठाने खराब होतं, डाग पडतात. खाली काळा कागद ठेवा, म्हणजे स्फटिक दिसतात. कडेला बोटाने किंचित तेल लावा, नाहीतर मीठ काठावर चढत चढत बाहेर येतं. वरून पातळ मलमल ताणून बांधा आणि ढवळू नका. मार्च-एप्रिलच्या उन्हात एक-दोन दिवसांत मीठ दिसू लागतं. सावलीत ठेवलं तर वेळ लागतो, पण खडे मोठे आणि चौकोनी होतात, त्यामुळे दोन ताटं दोन ठिकाणी ठेवणं उत्तम. पावसाळ्यात हे करू नका. हवाच दमट असते, मीठ सुकण्याऐवजी पाणी ओढतं.

तुम्ही वेंगुर्ल्याला आहात, तर समुद्राचं पाणीही घेऊन पाहा. एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मोठ्या माणसाने ते गाळून, उकळून पाव लिटरपर्यंत आटवायचं आणि मग ताटात घालायचं. थोडं कडवट पाणी शेवटी उरतं, ते ओतून टाका. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि तेच मिठाला ओल आणतात. मिठागरातही हे पाणी काढून टाकतात. तुमच्या शेजारच्या शिरोड्यात १९३० सालीच मिठाचा सत्याग्रह झाला होता. जमल्यास मुलाला तिथली मिठागरं दाखवून आणा. दांडी त्याच्यासाठी नकाशावरचा ठिपका आहे, शिरोडा पायाखालची जमीन.

तारखाही त्याच्या हाताने मोजू द्या. गांधीजी १२ मार्च १९३० ला साबरमतीहून ७८ साथीदारांसह निघाले, सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला दांडीला पोचले आणि ६ एप्रिलच्या सकाळी मीठ उचललं. १२ मार्च ते ६ एप्रिल हे २६ दिवस होतात. जुन्या वर्तमानपत्राची २६ पावलं कापा, रोज एक भिंतीवर चिकटवा. ताट ४ एप्रिलला उन्हात ठेवलं तर शेवटचं पाऊल लागेल त्या दिवशी मीठही तयार असेल. मग त्याला स्वतःच्या हाताने चिमूटभर उचलू द्या. ‘हे मीठ असं करायला तेव्हा बंदी होती’ हे वाक्य त्या क्षणी सांगा, आधी नको. मुलाचा पहिला प्रश्न ‘का?’ असाच येईल. ‘सरकार मिठावर कर घेत होतं, म्हणून लोकांनी स्वतः मीठ करणं त्यांना नको होतं’ एवढं उत्तर या वयाला पुरतं.

चाखायचं असेल तर दुकानातल्या मिठापासून केलेलं, तेही एकच कण. किनाऱ्यावरच्या पाण्याचं चाखू देऊ नका.

१४ एप्रिलसाठी दुसरीच्या वर्गात महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंग नाटुकल्यातून बसवायचा आहे. काही मुलं पाणी नाकारणारी, काही तहानलेली. कसं बसवावं?
— शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, बीड जिल्हा

गुरुजी, या मांडणीत बसवू नका, ही कळकळीची विनंती. वर्गातलं एखादं मूल आजही तो अनुभव घरातून घेऊन आलेलं असू शकतं. त्याला ‘तू तहानलेला हो’ म्हणणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं, आणि नाकारणाऱ्या मुलाला आपण नाकारण्याचा सराव देतो. सात वर्षांच्या मुलाला भूमिका आणि स्वतः यांतली रेघ नीट दिसत नाही. मधल्या सुट्टीत तेच संवाद खेळ म्हणून परत येतात.

त्याऐवजी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी जे केलं त्याचा गाभा करा: एकाच पाण्यातून सगळ्यांनी पाणी घेणं. मातीचा माठ, एक ओगराळं, मुलांच्या संख्येइतके पेले. पहिल्याने दुसऱ्याला पाणी वाढायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटच्याने पहिल्याला. गोल पूर्ण व्हायलाच हवा. ओगराळं अर्धंच भरायला सांगा, नाहीतर सांडतं. चाळीस मुलं असतील तर दोन माठ आणि दोन गोल करा, एका गोलात वाट पाहणारी मुलं उठून जातात. गोल झाला की सांगा: ‘एके काळी काही लोकांना तळ्यातून पाणी घेऊ देत नसत. बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले.’

वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी वर्गाची नियमावली करा. पाचच नियम, मुलांनी सुचवलेले, ‘करू नये’ऐवजी ‘करू’ने संपणारे: ‘आम्ही रांगेत उभे राहू’, ‘आम्ही सगळ्यांना खेळात घेऊ’. एका नियमावर दोन मतं पडली तर हात वर करून मोजा. त्या भांडणातच राज्यघटनेचा खरा धडा आहे, ते घाईने मिटवू नका. मोठ्या ड्रॉइंग कागदावर नियम तुम्ही लिहा, भोवतीची नक्षी मुलांनी काढावी. आपल्या राज्यघटनेची मूळ प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली आणि नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पानं सजवली, हे मुलांना फार आवडतं. खाली प्रत्येकाने सही करायची. संविधान सभेच्या सदस्यांनी २४ जानेवारी १९५० ला अशाच सह्या केल्या होत्या.

३ जानेवारीला मुलींना नऊवारी नेसवून सावित्रीबाई करतो. मुलगे नुसते बघत बसतात. त्यांनाही सामावून घेता येईल असं काही?
— अंगणवाडी सेविका, जुन्नर तालुका

सावित्रीबाईंनी शिकवलं, म्हणून मुलांनी शिकवावं. यासाठी धूळपाटी करा. ३० बाय २० सेंटिमीटरच्या ट्रेच्या तळाला लाल किंवा निळा कागद चिकटवा. त्यावर चाळणीने चाळलेली कोरडी वाळू ३-४ मिलिमीटर पसरा. साधारण दीड वाटी लागते. जाड थर टाकला तर बोट फिरवल्यावर कडा ढासळतात आणि तळाचा रंग दिसत नाही, अक्षर उमटतच नाही. वाळू ओलसर असेल तर तव्यावर भाजून पूर्ण थंड करा. रवा वापरू नका, मुंग्या येतात आणि अन्न वाया जातं.

पाच वर्षांच्या मुलाने तीन वर्षांच्या मुलाला एकच आकार शिकवायचा: गोल, उभी रेघ, फार तर ‘ग’. शिकवणाऱ्याने लहानग्याचा हात धरायचा नाही, हा नियम ठेवा. स्वतः काढून दाखवायचं, ट्रे हलवून पुसायचं आणि मग त्याला काढू द्यायचं. सगळ्यांनी एकदा शिक्षक आणि एकदा विद्यार्थी व्हायचं, मुलगे आणि मुली दोघांनीही.

मग १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेची गोष्ट सांगा. शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकत, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं ठेवत, असं सांगितलं जातं. नऊवारी नेसवायचीच असेल तर सोबत एक पिशवी द्या, त्यात घडी केलेलं दुसरं लुगडं. मुलं हमखास विचारतात, ‘दोन का?’

ध्वजावरच्या अशोकचक्राचे २४ आरे मुलांना जमत नाहीत. सोपी युक्ती आहे का?
— एक आई, मडगाव

पातळ कागदाचं १२ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ कापा. एकदा अर्धं दुमडा, त्या अर्ध्याचे तीन सारखे भाग करून दुमडा, मग पुन्हा दोनदा अर्धं. उलगडल्यावर २४ घड्या मिळतात, त्यांवर निळ्या रंगाने रेघा ओढायच्या. तीन भागांची घडी तुम्ही करा, ती मुलांना साधत नाही. कार्डशीट घेऊ नका, चौथ्या घडीला फाटते. ध्वजाची लांबी-रुंदी ३:२ ठेवा. काम झाल्यावर कागदी ध्वज रस्त्यावर किंवा कचऱ्यात जाऊ देऊ नका, एका पाकिटात जपून ठेवायला मुलांनाच सांगा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी चार वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. दोघांनी एकत्र करावं असं काही सांगाल? हिवाळ्यात ऊन नसतं.
— एक वाचक

लोकमान्य टिळकांचं ‘केसरी’ हे वर्तमानपत्र १८८१ मध्ये निघू लागलं. तेव्हा छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, उलटे असत. तेच करा, त्याला ऊन लागत नाही. पुठ्ठ्यावर डिंकाने जाड सुतळी चिकटवून एक अक्षर करा. डिंक पूर्ण, म्हणजे रात्रभर, वाळू द्या. ओला राहिला तर सुतळी शाईबरोबर उपटून येते. आठ वर्षांच्या मुलाने अक्षर पारदर्शक कागदावर काढून तो उलटा करायचा आणि त्यावरून सुतळी बसवायची. मुलीने स्पंजने पोस्टर रंग लावून कागद दाबायचा. रंग पातळ करू नका, पसरतो. पहिलं अक्षर ‘म’ घ्या. ‘क’च्या वळणांत सुतळी सुटते. पहिला ठसा बहुतेक वेळा उलटाच निघतो, कारण मुलगा कागद उलटायला विसरलेला असतो. तो ठसा फेकू नका, दुसऱ्या ठशाशेजारी लावा आणि का उलटा आला ते त्यालाच बहिणीला मराठीत समजावू द्या.