महिना जुळतो, वर्ष जुळत नाही

*ताई,*

*माझं वय 38. आम्ही इचलकरंजीत भाड्याच्या घरात राहतो. हे यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवतात. आठवड्याला सरासरी 3,500 हातात येतात, मंदीत कमी. मी घरी शिलाई करते, त्याचे महिन्याला तीनेक हजार होतात. दिवाळीला ह्यांना 22,000 बोनस मिळतो आणि मला लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात. मुलगी यंदा दहावीत जाईल, मुलगा सहावीत. सासूबाई आमच्याकडेच असतात.*

*मी उधळी नाही. भाजी संध्याकाळी मंडई उठताना आणते. चहात दूध नावाला घालते. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, पण दोन वर्षं तशीच ढकलतेय. सोबत महिन्याच्या खर्चाचा तक्ता पाठवते. 18,000 येतात, 15,800 जातात. म्हणजे दोन हजारांच्या वर उरायला हवेत. पण वर्ष संपताना आम्ही कुणाचे तरी देणेकरीच असतो.*

*परवा शाळेच्या सहलीला 1,200 मागितले, मी नाही म्हटलं. मुलगी म्हणाली, "आई, तुला 'नाही' सोडून दुसरं काही येतच नाही." तो शब्द फार लागला.*

*आणखी एक गोष्ट आहे, ती ह्यांना माहीत नाही. सासूबाईंचा पाय मोडला तेव्हा ह्यांचं काम बंद होतं. मी गल्लीतल्या एका बाईंकडून 20,000 घेतले, शेकडा पाच रुपयांनी. 22 महिने झाले, दर महिन्याला व्याज देते, मुद्दल तसंच आहे. दवाखान्याचे पैसे कुठून आले, हे ह्यांनी कधी विचारलं नाही. तापट आहेत, पण हात उगारणारे नाहीत. माझ्याकडे आईने दिलेल्या दोन बांगड्या आहेत. गुपचूप विकून टाकू का? की मुलीचा क्लास बंद करू? मी कंजूष झालेय का?*

*— एक आई*

तुमचं पत्र आणि तक्ता, दोन्ही समोर ठेवून लिहितेय.

कंजूष तुम्ही नाही. पण तक्त्यात एक ओळ आहे, ‘इतर – 1,000’. बाकी सगळं नावानिशी लिहिलंय, अगदी मोबाइलचे रिचार्जसुद्धा, आणि हे एकच ‘इतर’. ते म्हणजे त्या बाईंचं व्याज ना? शेकडा पाच ऐकायला किरकोळ वाटतं. 20,000 वर महिन्याला 1,000, वर्षाला 12,000 होतात. तुमचा दिवाळीचा सगळा खर्च आहे तेवढा. आजवर 22,000 देऊन झालेत, म्हणजे घेतले त्याहून जास्त, आणि देणं अजून पुरतं 20,000.

आता वर्षाचा हिशोब बघा. तक्त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने तुम्ही काही आकडे खरडलेत, ते मी एका खाली एक मांडले. जूनमध्ये क्लासचे 14,000 आणि गणवेश, दप्तरं, वह्या धरून 19,000. मेमध्ये वर्षाचं धान्य आणि चटणी (वर्षभराचा तिखट मसाला), 18,000. दिवाळी 12,000. विम्याचा हप्ता 9,600. मोटारसायकलचा विमा, पीयूसी आणि सर्व्हिसिंग 3,400. गणपती आणि गावची जत्रा 5,000. लग्नातला आहेर 11,000. बेरीज 78,000. ही रक्कम महिन्याच्या तक्त्यात कुठेच नाही, म्हणून महिना जुळतो आणि वर्ष जुळत नाही.

त्यासमोर जमा मांडा. बोनसचे 22,000, लाडक्या बहिणीचे 18,000, आणि महिन्याला उरायला हवेत ते 2,200 म्हणजे वर्षाचे 26,400. एकूण 66,400. तूट 11,600 ची. व्याज 12,000 चं. हे दोन आकडे शेजारी शेजारी आले तेव्हा मी हिशोब पुन्हा करून पाहिला. ते कर्ज नसतं तर तुमचं वर्ष काठोकाठ का होईना, पण जुळलं असतं. चहातलं दूध कमी करून ही तूट भरणार नव्हती, कितीही कमी केलंत तरी.

तेव्हा पहिलं काम त्या कर्जाचं. बांगड्या विकू नका. सोन्याचा आजचा भाव बघता एकदा गेलेली बांगडी तुमच्या घरात परत येणं कठीण आहे. एक बांगडी बँकेत तारण ठेवा. बँकेच्या सोनेतारण कर्जाला वर्षाला शेकडा दहा-बाराच्या आसपास व्याज पडतं, तुमच्या त्या बाई वर्षाला शेकडा साठ घेतात. आज जे हजार रुपये त्यांच्या हातावर ठेवता तेच बँकेत भरलेत, तर शेकडा बाराने धरूनही साधारण 23 महिन्यांत 20,000 फिटतात आणि बांगडी घरी येते. घेताना एवढंच विचारा की दर महिन्याला थोडी थोडी रक्कम भरता येईल ना, कारण काही सोनेतारण कर्जं मुदतीअखेर एकरकमी फेडावी लागतात. ‘एका मिनिटात कर्ज’ म्हणणाऱ्या मोबाइलमधल्या ॲपकडे मात्र चुकूनही वळू नका.

त्या बाईंचे पैसे फेडताना कुणाला तरी सोबत न्या आणि ‘पूर्ण रक्कम मिळाली’ असं तारीख घालून लिहून घ्या. कोरा चेक किंवा सही केलेला स्टॅम्पपेपर दिला असेल, तर तो हातात आल्याशिवाय नोटा देऊ नका. व्याजाने पैसे लावायला महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो. गल्लीत असा परवाना कुणाकडे असतो म्हणा! त्यांनी कटकट केलीच तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात तक्रार करता येते. नुसतं तेवढं बोलून दाखवलंत तरी बहुतेक वेळा आवाज खाली येतो.

पण हे सगळं ‘गुपचूप’ नको. एक गोष्ट लपवण्यासाठी दुसरी लपवाल, आणि बांगडी हातात दिसली नाही की पहिला प्रश्न सासूबाईच विचारतील. तुम्ही लिहिता, ह्यांनी दवाखान्याच्या पैशाबद्दल कधी विचारलं नाही. ज्या माणसाचं काम बंद होतं, ज्याच्या आईचा पाय मोडला होता, त्याला बिल भरल्याचं आश्चर्य वाटलं नसेल? मला वाटतं त्यांना अंदाज आहे, आणि विचारायची लाजही. पगाराच्या दिवशी बोलू नका, सासूबाईंच्या समोरही नको. बोलताना ‘माझं चुकलं’ने सुरुवात करू नका, कारण कर्ज तुम्ही त्यांच्या आईसाठी काढलंत. वर्षाचा कागद पुढे ठेवा, व्याजावर बोट ठेवा आणि बँकेत बरोबर यायला सांगा. चिडतील. एक दिवस बोलणार नाहीत कदाचित. 22 महिने एकटीने वाहिल्यावर एवढं सोसेल तुम्हाला.

आता खर्चाकडे येते. पुढची दोन वर्षं ते हजार रुपये बँकेत जाणार, म्हणजे तूट तशीच राहणार आणि ती दुसरीकडून भरायची आहे.

आहेराचे 11,000 हे मला पटलेलं नाही. नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, कबूल. पण येत्या लग्नसराईत तुमच्या माहेरी दोन लग्नं आहेत असं तुम्हीच तक्त्यामागे लिहिलंय. दोन्ही मिळून 5,000, त्यापुढे नाही, हे आत्ताच ठरवा. सासरच्या बाजूचं असेल तेव्हा ह्यांनी बोलावं, बहीण त्यांची आहे. तुमच्या हातात कला आहे. हल्ली लग्नात करवल्यांना शिवलेली नऊवारी हवी असते आणि त्याची शिलाई दुकानात चांगलीच पडते. ती तुम्ही शिवून द्या. इथे 6,000 वाचले.

जूनच्या यादीत मुलाचा तयार गणवेश 1,800 ला आणलाय. इतरांच्या मुलांचे गणवेश तुम्ही शिवता आणि स्वतःच्या मुलाचा दुकानातून! जूनमध्ये हात रिकामा नसतो हे समजतं, मग एप्रिलमध्ये शिवून ठेवा, दोन बोटं वाढता.

दिवाळीचे 2,000 कमी करा आणि ते काम मुलीवर सोपवा. पंधरा वर्षांची आहे. कपडे आणि फराळ मिळून अमुक रक्कम आहे, तूच बसव, म्हणून सांगा. वर्षाचा कागद तिलाही दाखवा, फक्त त्या बाईंचं प्रकरण तिच्या डोक्यावर नको, तिला दहावीचा अभ्यास आहे. तिने ऐकलं ते नुसतं ‘नाही’. त्यामागचा हिशोब तिला कधी दिसलाच नाही. आणि सहलीला पाठवा तिला. 1,200 मोठे आहेत, हे जाणून म्हणते.

तूट 11,600 ची होती, त्यातले राहिले 1,800 (गणवेशाचं कापड वेगळं). महिन्याला पंधरा ब्लाउज शिवता, आणि शिलाईचा दर गेल्या तीन वर्षांत वाढवलेला नाही. दहा रुपये वाढवा. पंधरा दाहे दीडशे, बारा महिन्यांचे 1,800. कुरकुर करतील, पण चार दिवसांनी त्याच बाया माप द्यायला येतील. उधारीची वही मात्र बंद.

क्लास चालू ठेवा. दहावीच्या तोंडावर तो तोडणं ही काटकसर नव्हे. पुढच्या शिक्षणाची धास्ती असेल, तर 2024-25 पासून राज्य सरकारने ज्या घरांचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे तिथल्या मुलींचं अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलंय. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो आणि कागद वेळेवर लागतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखला दहावीच्या सुट्टीतच काढून ठेवा. ऐन प्रवेशाच्या वेळी सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

वर्षाचं धान्य एकदम भरणं शहाणपणाचंच आहे. मेमध्ये गहू-ज्वारी स्वस्त मिळते, नीट वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवली की वर्षभर बघावं लागत नाही. पण ते आपल्या पैशाने. शेकडा पाचाच्या पैशाने घेतलेला गहू दिवाळीपर्यंत किराणा दुकानातल्या गव्हापेक्षा महाग झालेला असतो. यंदा मेपर्यंत रक्कम जमली नाही, तर चटणी वर्षाची करा (ती टाळून आपल्याकडे चालणारच नाही) आणि गहू चार महिन्यांचाच घ्या.

पैसे साठवायचे कसे? तुमच्या घरात पगार आठवड्याला येतो, म्हणून बचतही आठवड्यालाच व्हायला हवी. पगार आला की 500 वेगळे. वर्षाचे होतात 26,000, म्हणजे वर जे 26,400 धरलेत जवळपास तेच. आजवर ते फक्त कागदावर उरत होते. घरातल्या डब्यात ठेवू नका, डबा हात लांबवला की सापडतो. महिन्याला 2,000 चं, 12 महिन्यांचं आवर्ती खातं बँकेत उघडा, मे किंवा जूनमध्ये संपेल असं. पोस्टाचं आवर्ती पाच वर्षांचं असतं, ते या कामाचं नाही. गल्लीतली भिशी ओळखीपाळखीसाठी ठीक, पण क्लासची फी तिच्यावर टांगू नका. मंदीच्या आठवड्यात 500 जमले नाहीत तर 200 टाका, पण खाडा नको.

बोनस आला की त्यातले 10,000 दिवाळीचे. उरलेले 12,000 मेच्या गव्हाचे आणि चटणीचे आहेत, दिवाळीत त्यांना हात लावायचा नाही. लाडक्या बहिणीचे पैसे कधी वेळेवर येतात, कधी दोन महिन्यांचे एकदम. त्यांच्यावर किराणा चालवू नका. ते खात्यातच राहू द्या, विम्याच्या हप्त्याला आणि जूनला उपयोगी पडतील.

दवाखान्याबद्दल एक सांगते, पुढे कामाला येईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. सगळे आजार त्यात बसत नाहीत आणि सगळी रुग्णालयंही नाहीत. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. दाखल करण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला गाठायचं, बिल झाल्यावर नाही. कार्डावर सासूबाईंचं नाव आहे का ते आजच बघा. गावाकडच्या जुन्या कार्डावर नाव राहून गेलेलं असतं आणि ऐनवेळी धावपळ होते.

आणि चष्मा. हा खर्च मी कुठल्याच यादीत टाकला नाही, कारण तो थांबवायचाच नाहीये. महिन्याचे तीन हजार तुम्ही डोळ्यांवर कमावता. काळ्या कापडावर काळा दोरा दिसेनासा झाला की उसवाउसवी वाढते, दिवसाला दोन ब्लाउज होत होते तिथे एक होतो. नगरपालिकेच्या वेळेपासून चालत आलेल्या एखाद्या सरकारी दवाखान्यात नंबर काढून घ्या, साधी फ्रेम घ्या. या महिन्याच्या शिलाईतून, बँकेत जायच्या आधी.

ता. क. ह्यांचं काम यंत्रावरचं आहे म्हणून लिहिते. बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून 2 लाखांचा अपघात विमा मिळतो (प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना). वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचा जीवन विमाही आहे (जीवन ज्योती), त्यात पन्नाशीच्या आत नाव घालता येतं. दोन्हींचं वर्ष 1 जूनला सुरू होतं आणि पैसे मेअखेर कापले जातात. त्या आठवड्यात खात्यात शिल्लक नसली की विमा बंद पडतो आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. तेव्हा दोघांच्याही खात्यात पाचशे रुपये राहू द्या, आणि सोनेतारणासाठी बँकेत जाल तेव्हाच हे दोन्ही अर्ज भरून या.