दुबईत गाडीची मुल्किया (नोंदणीचं कार्ड) आणि विमा संपत आलाय, आधी काय करायचं?

आधी विमा. चालू विमा असल्याशिवाय नोंदणीचं नूतनीकरण होतच नाही. तिथे पॉलिसी साधारण 13 महिन्यांची मिळते आणि नोंदणी 12 महिन्यांची. मुल्किया संपल्यावर जी महिनाभराची सवलत असते, तिच्यासाठी हा जादा महिना. त्याला सुट्टी समजून निवांत राहू नका, कृपा करून. मागच्या वर्षी क्लेम केला नसेल तर जुन्या कंपनीकडून 'नो क्लेम' पत्र मागा, हप्ता कमी होतो. पत्र आपण मागेपर्यंत सहसा कोणी देत नाही.

गाडी नवी घेऊन तीन वर्षं झाली नसतील तर तपासणी नाही, सगळं आरटीएच्या (दुबईच्या रस्ते-वाहतूक खात्याच्या) ॲपवर उरकतं. त्यापुढे दरवर्षी तसजील किंवा शामिलसारख्या केंद्रावर गाडी न्यावी लागते. जाण्यापूर्वी टायर बघा. रबराच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. पाच वर्षांपेक्षा जुना टायर चालत नाही, नक्षी कितीही शाबूत असो. माझी गाडी एकदा मागच्या डाव्या टायरपायी नापास झाली, बाकी सगळं ठणठणीत असताना! काचेची काळी फिल्म आणि बंद पडलेला ब्रेकलाइटही बघून घ्या.

दंड बाकी असतील तर ते आधी भरावे लागतात. एमिरेट्स आयडीची (तिथल्या ओळखपत्राची) मुदतही तपासा.

भारतात सुट्टीवर येणार असाल तर निघण्याआधीच हे उरका. तपासणीला गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते, ती इथून होणार नाही.